तारखांची भावकी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ देताना दरवेळी हात अडखळतो. ही वही कोणाच्या हाती पडू नये असंच मला वाटतं, पण पडलीच तर वाचणाऱ्यानं माझ्या चुका पोटात घालाव्यात. जगात आजपर्यंत जे काही घडलं ते सगळं आमच्या दाजींना कळवूनच घडलं असावं, असं मला कितीतरी वर्षं खरंच वाटत होतं. असा माणूस घरात असून त्याच्यावर कोणी चार ओळी लिहू नयेत हे काही बरोबर नाही, म्हणून लिहिते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. पूर्णेला स्टेशनच्या रस्त्यावर वाचनालय आहे, तिथं ते शिपाई होते. झाडणं, पाणी भरणं, वर्तमानपत्रं मांडणं एवढंच त्यांचं काम. बाहेरच्या भिंतीवरचा काळा फळा त्यांनी आपणहून अंगावर घेतला. रोज सकाळी आक्का फडकं ओलं करून हातात द्यायची, दाजी जाऊन कालचा दिवस पुसायचे, वर तारीख आणि ‘आजच्या दिवशी’ असं लिहायचे आणि खाली त्या तारखेला मागं कधीकाळी काय काय झालं ते. गाडीला निघालेले लोक पिशव्या खाली ठेवून वाचायचे. एकदोघांची गाडी त्यापायी चुकली. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. “दुसरी गाडी तासाभरात येती. तारीख वर्षानं येती,” ते म्हणाले.

हे सगळं त्यांच्या वहीत होतं. जुन्या रजिस्टरांचे कोरे कागद शिवून त्यांनी ती केली होती. पानं तीनशे सहासष्ट. एकोणतीस फेब्रुवारीचं पान चार वर्षांतून एकदा लागायचं, तरी ते त्याला दरवर्षी ऊन दाखवायचे. एका तारखेचं सगळं एका पानावर, मग ते दिल्लीचं असो की गल्लीचं. सोळा एप्रिलला देशातली पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला गेली, आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘आमची शेळी व्याली, दोन करडं’. मी एकदा भीत भीत म्हटलं, “दाजी, शेळी आगगाडीखाली आली की.”

“बाई, तारीख एक म्हणजे भावकी एक,” दाजी म्हणाले. “भावकीत कोणी तालेवार असतंय, कोणी फाटकं असतंय. पण बसायचं एकाच पंगतीला.”

ही भावकी त्यांनी मनापासून सांभाळली. दर सोळा एप्रिलला ते फुलांचा हार घेऊन स्टेशनवर जायचे आणि पहिली येईल त्या गाडीच्या ड्रायव्हरला घालायचे. एका वर्षी टीसीनं धरलं.

“प्लॅटफॉर्म तिकीट?”

“साहेब, आज गाडीचा वाढदिवस हाय.”

“मग आहेर म्हणून दंड भरा.”

दाजींनी दंड भरला आणि पावती सोळा एप्रिलच्या पानावर चिकटवली. शेळीच्या शेजारी.

एक जूनच्या पानावर तर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडं जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. मला आणि आक्काला वडिलांनी एकाच दिवशी शाळेत नेलं, त्यामुळं ती चार वर्षांनी मोठी असूनही कागदावर आम्ही जुळ्या आहोत. एक जूनला दाजी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून “वाढदिवसाचं ध्यानात हाय न्हवं?” असं विचारायचे. बहुतेक वेळा ते बरोबरच निघायचं.

चौदा एप्रिलचं पान मात्र त्यांनी कोणाला वाटून दिलं नाही. आमच्या वस्तीत त्या दिवसाला नुसती जयंती म्हणतात, कोणाची ते सांगावं लागत नाही. पण वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात त्याच तारखेला एक मोठं विलायती जहाज बर्फाला धडकल्याचं निघालं. दाजींना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी हसत घरी आले.

“धडकलं चौदाला, पण बुडालं पंधराला! ते पंधराच्या भावकीतलं.”

आक्का भाकरी थापत होती. म्हणाली, “लय बरं झालं. मग वाचली का माणसं?”

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत आमच्या मराठवाड्याच्या विद्यापीठाला जयंतीचं ते नाव द्यायचा ठराव मुंबईत पास झाला. बातमी आली तशी दाजींनी ती फळ्यावर लिहिली. दुपारपर्यंत कोणीतरी तिच्यावर डांबर फासलं. पुढं खेड्यापाड्यांत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या माहेरी घरं जळाली, त्यात एक आमचं. आई-वडील, भाऊ, भावजय आणि तिची लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी पूर्णेला आक्काकडं आले. माझे मालक रेल्वेत असल्यानं मी चार घरं सोडूनच राहते. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दाजी वहीत लिहीत होते, ‘सासुरवाडीचं घर गेलं.’ त्या पानावर आधीपासून कोण होतं ते मी विचारलं नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. कमिटीतले काही जण फळाच काढून टाका म्हणत होते. अध्यक्षांनी मधला रस्ता काढला. दाजींना बोलावून म्हणाले, “आजपासून शंभर वर्षांच्या आतलं कायबी लिहायचं न्हाई. लिहिलंस तर नोकरी गेली म्हणून समज. जुन्यावरनं कोणी भांडत न्हाई.”

“साहेब, पानिपताचं अजून चालू हाय.”

“ते चालू दे.”

घरी येऊन दाजी म्हणाले, “माझं बाकी काय म्हणणं न्हाई. विद्यापीठाला नाव लागंल त्या दिवशी मला फळ्यावर एक ओळ लिहायची हाय. एकच.”

“अन् नोकरी गेल्यावर ही नऊ तोंडं काय खडू खातील?” आक्का म्हणाली. “तारखा काय पळून जायल्यात का?”

दाजींनी तिचं ऐकलं. नियम पाळला, आणि कोणी पाळला नसेल इतका पाळला. त्यांच्या वहीतलं जवळजवळ सगळं जग शंभर वर्षांच्या आतलं होतं. माणूस चंद्रावर गेला ते गेलं, शेळी तर गेलीच. लोक फळ्याजवळ थांबायचे आणि वाचायचे, ‘आजच्या दिवशी काही घडले नाही.’ पंधरा दिवस हेच. मग पंधरा ऑगस्ट आला. अध्यक्ष कडक टोपी घालून झेंड्याला आले. फळ्यावर नेहमीच्या वळणदार अक्षरात होतं, ‘१५ ऑगस्ट. आजच्या दिवशी काही घडले नाही.’

“अरे, देश स्वतंत्र झाला की रे!”

“झाला, साहेब. पण एकतीसच वर्षं झालीत.”

अध्यक्षांनी टोपी काढून घाम पुसला. त्या दिवसापासून झेंड्याचे दोन दिवस नियमातून सुटले. सतरा सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं, तेही सुटावं म्हणून दाजींनी अर्ज केला. त्याचा विचार चालू आहे असं त्यांना सात वर्षं सांगण्यात आलं.

जयंतीला ते फळ्यावर काही लिहीत नसत. ‘काही घडले नाही’ असं त्या दिवशी लिहायला त्यांचा हात धजेना. पाण्यानं स्वच्छ धुऊन फळा कोरा ठेवायचे. हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवला होता. जन्म अठराशे एक्क्याण्णवचा. एक्क्याण्णवच्या चौदा एप्रिलला सकाळी सकाळी त्यांनी तीन रंगांच्या खडूंनी सगळा फळा भरून टाकला. अध्यक्ष आले, त्यांनी बोटं मोजली, परत मोजली.

“बसतंय की रे नियमात.”

“बसतंय, साहेब. तेरा वर्षं बसूनच होतं.”

पण त्यांची ओळ ती नव्हती. त्या ओळीसाठी लोक मोर्चे काढत होते, जेलात जात होते, सरकारं येत होती आणि जात होती. दाजींचे केस पिकले. माझे वडील तेवढ्यात वारले. कधी मी विचारायची, “दाजी, कोणती तारीख पडंल वो?” ते वही चाळायचे आणि म्हणायचे, “जागा समद्या पानांवर ठिवलीय.” मी बघितलं. खरंच, प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ कोरी होती.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला, चौदा जानेवारीला, वाचनालय बंद होतं, पण फळ्याला सुट्टी नसायची. सकाळी दाजी पानिपत लिहून आले होते. मी आक्काकडं तीळ भाजत होते. रेडिओवर बातमी लागली, विद्यापीठाला नाव दिलं. जुनं नाव ठेवून पुढं हे लावलं, त्याला नामविस्तार म्हणतात म्हणे. आक्का म्हणाली, “मागितलं नामांतर अन् दिला विस्तार. एक चादर ओढून दोघांच्या पायावर घातली.”

दाजींनी खिसा चाचपला, खडू होता. आक्कानं दारात उभं राहून त्यांच्याकडं पाहिलं. नोकरीची पाच वर्षं राहिली होती. मला वाटलं ती अडवणार. तिनं पदरानं त्यांच्या सदऱ्यावरची तिळाची फोलं झटकली आणि बाजूला झाली.

मी त्यांच्या मागं गेले. एवढ्या लोकांत जाऊन उभी राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. पानिपताच्या खाली त्यांनी ती ओळ लिहिली. एकेक अक्षर थांबून थांबून. मागं दहा-बारा माणसं जमली होती. त्यात अध्यक्ष कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. तेही म्हातारे झाले होते.

“हे शंभर वर्षांचं न्हाई,” अध्यक्ष म्हणाले.

“न्हाई, साहेब. आजचंच हाय.” दाजींनी खडूनं वर दाखवलं. तिथं ‘आजच्या दिवशी’ असंच लिहिलेलं होतं.

अध्यक्षांनी फळा वाचला. पानिपतापासून खालपर्यंत. मग वाचनालयाच्या दाराकडं पाहिलं. “कुलूप हाय न्हवं? वाचनालय बंद हाय. मी काय आज आलो न्हाई,” असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं रोजच्यासारखं फडकं ओलं करून दिलं. दाजी गेले आणि थोड्या वेळानं तसेच परत आले. फडक्याला खडूचा डाग नव्हता.

“पुसलं न्हाई व्हय?”

“पुसतो की. उद्या.”

आक्कानं फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि चहा ठेवला.

दुपारी मी बाजाराला निघाले, तेव्हा दाजी फळ्याखालच्या पायरीवर बसले होते. हातात वही नव्हती, काही नव्हतं. गाडीला निघालेला एक माणूस बोचकं घेऊन थांबला. त्यानं फळा बघितला, मनाशी काही मोजलं आणि घोटाळ्यात पडला.

“मामा, आज चौदा की पंधरा?”

“चौदाच हाय,” दाजी म्हणाले, आणि त्याला नीट वाचता यावं म्हणून पायरीवर जरा बाजूला सरकले.