उचल्याने कळवलेलं निधन

ऑफिसात त्याला आम्ही उचल्या म्हणतो. स्वतः कोडची एक ओळ लिहायची नाही, दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलायची, न वाचता चिकटवायची आणि वर आम्हालाच शिकवायचं, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" किळस येते मला त्याची.

परवा आमचे कॅशियरकाका वारले. सगळ्यांना मेलने कळवायचं काम उचल्याकडे आलं. त्याने माझी नववर्षाच्या शुभेच्छांची स्क्रिप्ट उचलली आणि फक्त मजकूर बदलला. ती स्क्रिप्ट ज्याला मेल जातो त्याचंच नाव आत घालते. झालं, प्रत्येकाला स्वतःच्याच निधनाची बातमी पोचली. काकांचं नाव कुठेच नाही, आणि खाली पाठवणारी म्हणून मी.

उचल्यालाही त्याच्याच निधनाची बातमी गेली. न वाचताच त्याने मला उत्तर धाडलं, "छान झालंय. धन्यवाद."