मी न पाहिलेला गोल

तो गोल मी पाहिलाच नव्हता. तरीही शिट्टी वाजवली आणि मैदानाच्या मध्याकडे हात केला, म्हणजे गोल मान्य केला. ही गोष्ट मी दोन हंगाम मनात दडवून ठेवली.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. मी वाशीमच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. गावातला फुटबॉल क्लब मीच सुरू केला होता, आणि दुसरा रेफ्री मिळत नसल्याने शिट्टीही माझ्याकडेच असे. कारंज्याच्या संघाशी बरोबरी चालली होती. शेवटी त्यांनी चेंडू मारला आणि धूळ उडाली. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हे मला दिसले नाही. गोलला जाळे नव्हते. असते तर चेंडू त्यात अडकला असता आणि प्रश्नच मिटला असता. मी आपल्या क्लबाची बाजू घेतली असे कोणी म्हणू नये, या भीतीने निर्णय आमच्याविरुद्ध दिला.

आमचा गोलकीपर सखाराम भोई धावत आला. "गुरुजी, बाहीरून गेला ना चेंडू!"

"रेफ्रीशी वाद नको," मी म्हणालो.

गावाने पराभव त्याच्या माथी मारला. त्याने खेळणे सोडले. गोलकीपरवाचून क्लब मोडू लागला.

क्लब पुन्हा उभा करायचाच, असे मी ठरवले. सखाराम मासे धरायची जाळी विणत असे. मी त्याच्या घरी गेलो.

"गोलसाठी जाळे विणून देशील?"

"काहून? चेंडू काय मासोई हाय, गुरुजी?"

"रेफ्रीची चूक होऊ नये म्हणून."

"इणून देतो. पण गोलात उभा नाही राह्यत. बजारात लोकं मले फाटकं जाळं म्हन्तात."

मी खाली पाहिले, खांबांचे माप सांगितले आणि परतलो.

आज क्लब खेळतो आहे आणि गोलात सखारामच आहे. पण हे जाळ्यामुळे घडले नाही. ते बांधले त्या संध्याकाळी कॅप्टन रशीद म्हणाला, "वा मास्तर, क्या दूर की सोची!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सखाराम उरलेली दोरी गुंडाळून घराकडे निघाला होता.

रेफ्रीने निःपक्षपाती असावे, एवढाच नियम आहे. तसे दिसण्याची धडपड ही माझी स्वतःची भर होती.

मी शिट्टी वाजवली. सगळे थांबले, तोही थांबला.

"सखाराम," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "त्या दिवशी मला काहीच दिसले नव्हते. भ्यालो होतो मी, आणि हरवले तुला. मला क्षमा कर."