राठोड सर आणि जुपून पाहिलेला लॅपटॉप

राठोड सर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत. सायकलभोवती फिरणं एकवेळ समजू शकतं. पण दुकानात टेबलावर प्रेशर कुकर ठेवलेला असला, तर सर टेबलाला वळसा घालत, मागून वाकून बघत, दोन बोटांनी कुकरच्या पाठीवर टकटक करत आणि मग समोर येऊन गप्प उभे राहत. थोरल्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा त्यांनी मुलाला ओट्यावरून उठवून समोरच्या हापशापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. मुलगा बिचारा गेला आणि आला. "चाल बराबर हाय," सर म्हणाले आणि मगच त्यांनी चहाचा कप उचलला. जावई पुढे खरोखरच चांगला निघाला, त्यामुळे या पद्धतीला नावं ठेवायची कुणाची सोय राहिली नाही.

ही पद्धत बैलबाजारातली. सर कळमनुरीजवळच्या एका तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालणारे. वडिलांना आसपासच्या गावांतून बैल पारखायला बोलावणं येई. सर शिकले, आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक झाले, पण वडिलांचं एक वाक्य त्यांनी कधी सोडलं नाही. ते म्हणत, "बैल बसलेला पाहू न्हाई, उभा पाहावा. उभा पाहू न्हाई, चालता पाहावा. आन् चालता पाहून बी घेऊ न्हाई, जुपून पाहावा." मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. म्हण कुठे नोंदलेली आढळते का म्हणून मी पुष्कळ पुस्तकं चाळली. सापडली नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पाईकराव सर, तुमी बैल बी पुस्तकातच पाहता."

शाळेबाहेर सरांची ओळख अंपायर म्हणून होती. पुसेगावापासून शिरड शहापूरपर्यंत टेनिस बॉलचे सामने कुठेही असोत, पांढरी टोपी घालून सर हजर. स्टाफरूममध्ये कुणी जरा फुगवून काही सांगू लागलं, की सर एका शब्दानंही न अडवता तर्जनी वर करत. सांगणारा बाद. हसून सगळे पुढच्या विषयाकडे वळत.

पण हे बोट सरांना एकदा महागात पडलं होतं. पुसेगावच्या एका अंतिम सामन्यात त्यांच्याच तांड्याची टीम होती आणि खेळायला त्यांचा मोठा भाऊ रामधन. रामधनभाऊ म्हणजे त्या भागातला नामांकित फलंदाज. तो धावत आला, बॅट टेकवली, पण ती नेमकी रेघेवर टेकली आणि तेवढ्यात यष्टी उडाल्या. आमच्याकडे गावोगावी रिवाज असा की रेघेवर बॅट म्हणजे माणूस आत. सरांनी नियम वाचलेला होता. नियमानं रेघ ही बाहेरची. सरांनी बोट वर केलं, तांडा हरला, आणि रामधनभाऊंनी त्या दिवसापासून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.

भांडण नाही, वाटण्या नाहीत, येणंजाणंही चालू. फक्त बोलणं नाही. सर सणाला तांड्यावर जात, दोघं शेजारी बसून जेवत. रामधनभाऊ भिंतीकडे बघून बायकोला म्हणत, "त्याला इचार, आमटी पाहिजे का?" वहिनी सरांना विचारत. सर वहिनींना सांगत. एक वाटी आमटी तीन माणसांच्या तोंडून जाऊन ताटात पडे. असं कित्येक वर्षं चाललं. सरांनी कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, "मी त्याला औट दिला, त्यानं मला. पण मी खेळापुरता दिला होता, सर."

मग रामधनभाऊंना लकवा झाला. डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात शाबूत राहिला, पण ज्या माणसानं आयुष्य मैदानावर काढलं तो अंगणातल्या बाजेवर पडला आणि हळूहळू सगळ्यांशीच बोलेनासा झाला. वहिनी म्हणायच्या, "आंगानं न्हाई, मनानं आडवा झाला हाय." सर दर रविवारी जायचे, पायाशी बसायचे आणि परत यायचे.

त्याच सुमारास आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले होते. मला पुस्तकं वाचता येतात, म्हणजे कॉम्प्युटरही येत असणार, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. एका कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी क्रिकेटचा गेम घालून ठेवला होता. मी तो काढून टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात सर आले. पडद्यावर हिरवं मैदान, गोलंदाज धावत येतोय, फलंदाज पाय पुढे टाकतोय. सर खुर्चीच्या पाठीला धरून बघत राहिले.

"हे कोन खेळून राहिलं?"

"कुणी नाही. आपण खेळायचं. या बाणांनी फलंदाजाचे पाय हलतात आणि या अक्षरांनी बॅट."

"बसून?"

"बसूनच."

"आन् पडून?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. सरांनी खोलीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "आमच्या भियाला पाहिजे हे." भिया म्हणजे थोरला भाऊ.

त्यानंतर पंधरवडाभर सर शाळा सुटली की येऊन खेळत बसायचे. हात चांगला बसला. मी नियतकालिकांतून माहिती काढली. तांड्यावर वीज येते कमी आणि जाते फार, म्हणून लॅपटॉपच हवा. बाज सकाळी अंगणात, दुपारी लिंबाखाली, म्हणूनही लॅपटॉपच. आणि असल्या खेळाला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, नाहीतर पडद्यावरचे खेळाडू अडखळत चालतात.

"म्हंजे लंगडते?" सरांनी विचारलं.

"तसंच समजा."

"मंग कार्डबिर्ड तुमी पाहा. मी चालवून पाहतो."

नांदेडला जाऊन आम्ही जे केलं ते त्या दुकानदाराच्या अजून लक्षात असेल. सरांनी गेमची सीडी खिशातून आणली होती. मांडून ठेवलेल्या लॅपटॉपांना त्यांनी रांगेनं प्रदक्षिणा घातली. दुकानदारानं एक चकचकीत, बारीक लॅपटॉप पुढे केला. "काका, ये देखो. एकदम स्लिम पीस."

सरांनी पाठीवर टकटक केलं. "कमरेत बारीक जनावर देखणं असते. वढत न्हाई. बरं, वायर काढा याची."

"वायर लावूनच दाखवतो ना, काका."

"आमच्या तांड्यावर वायर हाय हो. वायरीत करंट न्हाई."

वायर काढली. मग सर खाली बसले, बसल्याचे आडवे झाले आणि दुकानाच्या फरशीवर उताणे पडून त्यांनी लॅपटॉप पोटावर घेतला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "इनकी तबियत ठीक है ना?" मी म्हणालो की ठीक आहे, जुपून पाहताहेत. त्याला काही उमगलं नाही, पण मी चष्मा लावलेला शांत माणूस दिसत असल्यामुळे त्यानं विश्वास ठेवला असावा.

पहिला लॅपटॉप लंगडला. दुसरा लंगडत नव्हता, पण सर फरशीवरून ओरडले, "खालून पाह्यलं की माणसं काळी दिसून राहिली! पार अंपायर बी काळा!" मी वाकून पाहिलं. खरंच, खालच्या बाजूनं बघितलं की पडदा काळवंडत होता. माझ्या कुठल्याच नियतकालिकानं तो आडवं पडून पाहिलेला नव्हता. तिसरा होता जाडजूड, आडव्या हाडाचा, कुणी न विचारलेला. त्याच्यावर सर अख्खा डाव खेळले. मध्येच पोट चटकलं म्हणून उठून बसले, लॅपटॉप उलटा करून जाळी बघितली, हात लावला. "याचं नाक पोटाखाली हाय. गोधडीवर ठिवला तर गुदमरन. स्टूल करावं लागते." पुन्हा आडवे झाले, डाव संपवला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "हा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तांड्यावर गेलो. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पाणी घालतात. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन समोर आल्या, लॅपटॉपची पिशवी माझ्या हातात होती, आणि मी जन्मात ओरडलो नव्हतो एवढ्यानं ओरडलो. शेवटी पाणी उंबऱ्यावर घालून भागवलं.

सरांनी सुताराकडून मापाचं स्टूल करून आणलं होतं. ते बाजेवर आडवं ठेवलं, त्यावर लॅपटॉप. रामधनभाऊ डोळे मिटून पडलेले. सरांनी थोडं खेळून दाखवलं, मुद्दाम वाईट खेळले, आणि पाणी प्यायचं निमित्त करून घरात गेले. मी पाहत होतो. एक डोळा उघडला. मग दुसरा. उजवा हात सरकत अक्षरांवर आला. गोलंदाज धावत आला, रामधनभाऊंनी बटण दाबलं, बॅट सणकून फिरली, आणि त्रिफळा उडाला. पुन्हा तेच. आणि पुन्हा. फलंदाज जागेवर खिळल्यासारखा उभा. बॅट फिरत होती, पाय हलत नव्हते.

सर दारात येऊन उभे होते. मी हळूच म्हणालो, "सर, याला दोन हात लागतात."

राठोड सरांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! बैल पाह्यला, जू पाह्यलं, आन् जुपणाराच पाह्यला न्हाई!" बॅटरी पाहिली, पडदा पाहिला, नाक पाहिलं. सर दोन्ही हातांनी खेळत होते आणि मी पंधरा दिवस ते बघत होतो. सायकल चालवणाऱ्याला पाय किती लागतात हे कुणी मोजत नाही, तसं झालं होतं. उजवा हात चांगला आहे म्हणजे खेळेल, एवढंच दोघांच्या डोक्यात. सर पुढे झाले आणि लॅपटॉप मिटायला लागले. "घ्या सर, परत करू. आजून तकलीफ दिली त्याला."

घरातली माणसं आपल्या बोलीत बोलत. मी सांगतोय ते मला कळलं तसं. पण पुढचं वाक्य रामधनभाऊ माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाले, "सर, त्याला म्हणावं ऱ्हाऊ दे. त्याला म्हणावं, तू पाय हलव."

सर बाजेच्या कडेवर बसले. बाणांवर सरांची बोटं, अक्षरांवर भावाची. गोलंदाज धावू लागला. रामधनभाऊ मला म्हणाले, "सर, त्याला म्हणावं मागं..." मी सरांकडे वळलो, "सर, ते म्हणतात..." तोवर त्रिफळा गेला होता. दुसरा चेंडू. "त्याला म्हणावं, पुढं..." गेला. आमटीला वेळ होता, वेगवान गोलंदाजाला नव्हता. तिसरा चेंडू धावत यायला लागला, रामधनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मान वळवून थेट भावावर खेकसले, "मागं घे ना बे, मागं!"

सरांचं बोट दाबलं गेलं. फलंदाज मागे सरला, बॅट फिरली, चेंडू सीमेपार. वहिनी तांब्या धरून तशाच उभ्या. पुढचा चेंडू येत होता म्हणून रामधनभाऊच म्हणाले, "आता पुढं. हां. काहून झोपून राहिला बे?"

ते दोघं पुढे जवळजवळ रोज खेळले. सर शाळा सुटली की सायकल काढत. शिव्या साऱ्या तांड्याला ऐकू येत. रामधनभाऊ बाजेवर उठून बसू लागले, मग मुलांना फलंदाजी सांगू लागले. सर स्टाफरूममध्ये अभिमानानं सांगत, "काल मला गाढव म्हणला." आम्ही त्यांचं अभिनंदन करायचो.

काही वर्षांनी सर गेले. अचानक, दुपारी, शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेघा आखत असताना. जवळच्या माणसाबद्दल लगेच काही लिहिता येत नाही. मला हे चार कागद लिहायला फार वेळ लागला.

दहाव्यानंतर मी तांड्यावर गेलो. रामधनभाऊ बसलेले होते, पुढ्यात लॅपटॉप उघडा. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. वीज होती तेवढा वेळ तो चालायचा. मला म्हणाले, "बसा सर. पाय हलवा थोडे." मी बसलो. मला खेळता येत नाही. मी घाबरून चेंडू सुटायच्या आत बाण दाबायचो. आम्ही फार वेळा बाद झालो. वीज गेली, पडदा काळा झाला, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "सरांचं बरं होतं. अंपायर माणूस. चेंडू कुठं पडणार ते त्यांना आधीच दिसत असेल."

"दिसत होतं ना," रामधनभाऊ म्हणाले. "मले म्हाईत होतं त्याला दिसते. पण मी सांगल्याबिगर बोट हलवत नव्हता. मागं म्हणलं तरच मागं. पुढं म्हणलं तरच पुढं. कितीदा औट झालो त्याच्यापायी."

"राग नाही आला?"

"आला ना," ते म्हणाले. "रागानंच तर रोज एवढा बोललो त्याच्याशी."