काकूंना दिसलेली गॅप

आयुष्यातली पहिली अमेरिकन फुटबॉल मॅच मी अर्धीच बघितली आणि ती आपण जिंकलो असं सगळ्यांना सांगत फिरलो.

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये मी नवा होतो. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या स्टेडियमवर मॅच असते आणि अख्खं गाव जातं असं ऐकलं, म्हणून गेलो. आपली पुष्कळ मंडळी दिसली. तासभर मुलं एकमेकांच्या अंगावर पडली आणि उठली. मग शाळेचा बँड मैदानात आला. आपल्या मंडळींची पोरं बँडमध्ये. कुणाचं पोर क्लॅरिनेटवर, कुणाचं ड्रमवर. आईबापांनी व्हिडिओ घेतले, टाळ्या पडल्या आणि आपली झाडून सगळी माणसं डबे-बाटल्या गोळा करून पार्किंगकडे निघाली. बोर्डावर आपल्या शाळेचा आकडा मोठा होता. मीही उठलो.

"बस खाली."

शेजारी एक साठीच्या बाई होत्या. पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे बूट, डोक्यावर शाळेची टोपी आणि मांडीवर चिवड्याचा डबा.

"मॅच संपली ना?" मी विचारलं.

"बँड संपला."

मला वाटलं, बाई विनोदी आहेत. मी हसलो आणि घरी गेलो. सोमवारी ऑफिसात "काय जिंकलो आपण!" असं म्हटल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या टेक्सन माणसाने मला विचारलं, की मी नेमक्या कुठल्या गावात राहतो. उरलेल्या अर्ध्यात आपली धूळधाण झाली होती.

पुढच्या शुक्रवारी मी मुकाट्याने त्याच बाईंशेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे न बघता डबा पुढे केला. "आला का बँडवाला?"

त्या काकू. शुगर लँडमधली निम्मी मराठी माणसं त्यांना नुसतं काकूच म्हणायची. टेक्सनसुद्धा काकूच म्हणायचे. त्यांना वाटायचं, ते बाईंचं नावच आहे.

काकूही मूळच्या बँडवाल्यांतल्याच. मुलगी क्लॅरिनेट वाजवायची म्हणून नवराबायको यायला लागले. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून न्यू जर्सीला पार्सिपनीत गेली. काकू मात्र स्टेडियममध्येच राहिल्या. "क्लॅरिनेट काय, ते घरीपण ऐकायला लागायचं," त्या म्हणायच्या. "हे घरी कुठे बघायला मिळणार?"

काकू सांगलीकडच्या. शाळेत खो-खो खेळायच्या आणि तो त्यांच्या अंगातून कधी गेला नाही. मला सगळे जण फुटबॉलचे नियम समजावून थकले होते. काकूंनी एकच गोष्ट शिकवली. "पाय बघ. बॉल फसवतो, डोळे फसवतात, खांदे तर एक नंबरचे लबाड. पाय बघ." आणि खरोखर, मी पाय बघायला लागलो तेव्हा त्या ढिगाऱ्यात कोण कुठे निघालंय ते कळायला लागलं. मात्र पाय बघण्याच्या नादात बॉल कुठे आहे ते मला आजतागायत कळत नाही.

आता त्या मुलाबद्दल. नाव सांगत नाही. गावात त्याला नुसतं 'तो' म्हणायचे आणि 'तो' म्हटलं की भांडण सुरू व्हायचं.

तो आमच्या हायस्कूलचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा मुख्य गडी. मी यायच्या आधीची गोष्ट. मोठी मॅच, शेवटचे काही सेकंद, आपण दोन पॉइंटनी मागे. तिथून बॉल लाथ मारून दांड्यांमधून घालवला की तीन पॉइंट, मॅच खिशात. कोचने किकची खूण केली. किक मारणाऱ्यासाठी बॉल जमिनीवर उभा धरायचं काम याचं. याने बॉल धरला. किक मारणारा पोरगा धावत आला, त्याने सगळी ताकद लावून लाथ मारली आणि ती हवेला लागली. कारण हा बॉल उचलून केव्हाच पळाला होता. बॉल घेऊन शेवटची रेष ओलांडली असती तर सहा पॉइंट; त्या रेषेच्या वीतभर अलीकडे त्याला पाडलं. मॅच गेली, कोच टोपी फेकून निघून गेला, कॉलेजवाले त्याला घेणार होते तेही मागे सरले. शाळा संपल्यावर तो आईबरोबर गाव सोडून गेला. वाद मात्र इथेच राहिला.

मॅच रटाळ व्हायला लागली की कुणीतरी त्याचा विषय काढायचंच. आमच्या मागच्या रांगेत एक उंच, टोपीवाले गृहस्थ बसायचे. त्या किक मारणाऱ्याचे ते वडील. "माझ्या मुलाने अख्ख्या गावासमोर हवेला लाथ मारली," ते म्हणायचे. "तो पोरगा शिष्ट होता. सेल्फिश." काही जण म्हणायचे, शिष्ट कसला, मर्द होता. यावर दोन्हीकडची माणसं उभी राहायची.

आमच्या रांगेत काका, म्हणजे काकूंचे यजमान, टोपीवाल्यांच्या पक्षात. काका पाइपलाइनचे इंजिनियर. "किक ठरली म्हणजे किक. उद्या माझा ऑपरेटर म्हणाला, मला वाटलं म्हणून व्हॉल्व्ह उघडला, तर?"

"गॅप होती," काकू म्हणायच्या.

"नव्हती."

"होती. डावीकडे. त्यांचा तो जाड्या उजवीकडे पाय टाकून झुकला होता."

"तुलाच बरी दिसली!"

"तुम्ही बोर्ड बघत होतात. मी पाय बघत होते."

एवढं झाल्यावर काकू डबा मागे करायच्या, टोपीवाले मूठभर चिवडा घ्यायचे आणि तोंड भरलेलं असताना पुन्हा "सेल्फिश" म्हणायचे.

त्या क्षणाची एक व्हिडिओ कॅसेट होती. पण ती घेणारे बाबा नेमके तेव्हाच उभे राहून ओरडले, त्यामुळे कॅसेटमध्ये पुढच्या माणसाची पाठ दिसते. काकूंनी ती पाठसुद्धा पुढे-मागे करून पाहिली होती.

आणि मी? मी दोन्ही पक्षांत होतो. काकूंशेजारी बसलो की "गॅप होती" म्हणायचो, पॉपकॉर्न आणायला टोपीवाल्यांबरोबर गेलो की "सेल्फिश" म्हणायचो. मी ती मॅच पाहिलेली नव्हती, त्यामुळे मला कसलीच अडचण यायची नाही.

एकदा दोन्हीकडून फारच आवाज चढला तेव्हा काकू एकदम म्हणाल्या, "अरे, पण त्याला कुणी विचारलंय का?"

"काय?"

"तो का पळाला ते. इतकी वर्षं भांडताय. एकाने तरी त्या पोराला विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. टोपीवाल्यांनी चिवडा तोंडात टाकायचा हात मध्येच थांबवला.

तेव्हापासून काकूंना चुटपुट लागली. त्याच्या जुन्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, त्याच्या टीममधल्या मुलांना गाठलं. कुणी म्हणे सॅन अँटोनियोला आहे, कुणी म्हणे परत आलाय. पत्ता लागेना. मग पार्सिपनीला नात झाली, काकांचे गुडघे बोलायला लागले, आणि दोघांनी तिकडे जायचं ठरवलं. घर विकलं गेलं. लॉनवर पांढऱ्या खांबाला 'सोल्ड'ची पाटी लटकली. आता आठवडाच उरला होता. मी खोकी बांधायला गेलो तर काकू भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "सगळं आवरलं बघ. एवढं एक राहिलं."

"कुठलं?"

"तुला नाही कळायचं. तू घरी गेला असतास."

दोन दिवसांनी माझा एसी बंद पडला. शुगर लँडच्या जुलैत एसी बंद पडणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. मी फ्रिजचं दार उघडून त्यासमोर बसलो होतो. दुपारी रिपेअरवाला आला. तगडा, कमी बोलणारा पोरगा. बाहेरच्या मशीनपाशी उकिडवा बसून काम करायला लागला. मी त्याला पाण्याची गार बाटली दिली आणि माझ्या डोक्यावरची शाळेची टोपी बघून त्याने विचारलं, "फुटबॉल बघता?"

बस. एवढं पुरलं. मी त्याला फुटबॉल सांगायला लागलो. माझं टेक्सन इंग्रजी तेव्हाही यथातथाच, पण उत्साह दांडगा. म्हटलं, आमच्या इथे एक महामूर्ख क्वार्टरबॅक होऊन गेला. मग मी बाटली जमिनीवर उभी धरून दाखवली, किक मारणारा होऊन हवेला लाथ मारली, आणि बाटली काखेत मारून कुंपणापर्यंत पळालो.

त्याने पाना खाली ठेवला.

"डावीकडे," तो म्हणाला.

"काय?"

"मी डावीकडून पळालो होतो. तुम्ही उजवीकडून पळताय."

बाटली काखेतच राहिली. मग मी आयुष्यातलं एकमेव शहाणपणाचं काम केलं. काकूंना फोन लावला.

काकू तीन घरं सोडून राहायच्या. हाताला पिठाचे डाग, पायांत काकांच्या चपला, अशा त्या भर उन्हातून आल्या. नमस्कार नाही, नाव नाही. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या इंग्रजीत विचारलं, "बेटा, व्हाय यू रन?"

तो हात पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "देअर वॉज अ गॅप, मॅम."

"ऑन द लेफ्ट," काकू म्हणाल्या. "दॅट फॅट बॉय."

"येस मॅम. ही लीन्ड."

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "ऐकलंस?" एवढंच म्हणाल्या, पण त्यात सगळे शुक्रवार होते.

तो सांगत होता, की तो कसा माणूस आहे ते त्याला पुष्कळांनी सांगितलं. दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना. त्या खेळाबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

मला वाटलं, आता काकू त्याला जवळ घेणार. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "पण मग पडलास कशाला? तू रेष बघितलीस."

त्याने पाना उचलला आणि परत खाली ठेवला.

"बघितलीस की नाही?"

"येस मॅम. आय लुक्ड ॲट द लाइन."

"लाइन कुठे पळून चालली होती? शेवटच्या अडवणाऱ्याचे पाय बघायचे. चल, दाखवते. माझ्याकडे खांब आहे."

आणि वाचकहो, मी काय पाहिलं ते सांगतो. लॉनवर 'सोल्ड'च्या पाटीचा तो खांब. त्याभोवती सत्तरीकडे झुकलेल्या काकू, चपला काढून अनवाणी, ओढणी कमरेला खोचलेली. एका हाताने खांब धरून गर्रकन वळायच्या, खांदा एकीकडे टाकायच्या आणि पाय दुसरीकडे. समोर तो सहा फुटी पोरगा त्यांना पकडायला बघतोय आणि दर वेळी त्याच्या हातात नुसती हवा येतेय. मग त्यांनी त्याला पळायला लावलं. पहिल्यांदा चुकला. "अगेन." पुन्हा चुकला. "पाय! फीट, फीट!" आणि एकदा तो असा काही वळला, की काकूंचा हात त्याच्या शर्टाला नुसता चाटून गेला. तेव्हा तो मोठ्यांदा हसला.

काका दारात आले. "अगं, गुडघे!"

"ते तुमचे," काकू म्हणाल्या. "माझे ठीक आहेत. विचारा त्याला, गॅप होती का ते."

काकांनी विचारलं. "येस सर," तो म्हणाला. काका आत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने सरबताचा ट्रे आणि काकूंच्या चिवड्याचा डबा घेऊन आले आणि पहिला ग्लास त्यांनी त्याला दिला.

माझा एसी त्या दिवशी दुरुस्त झाला नाही. त्याची आठवण कुणालाच झाली नाही, मी काढायचं धाडस केलं नाही.

काकू गेल्या. पुढच्या सीझनच्या पहिल्या शुक्रवारी मी एकटाच त्या जागेवर जाऊन बसलो. फोनवर विचारून विचारून घरी चिवडा केला होता, तो डब्यात भरून नेला. पहिला अर्धा सरला, बँड वाजला, आपली मंडळी पार्किंगकडे निघाली. मी पॉपकॉर्न आणायला उठलो. शपथेवर सांगतो, पॉपकॉर्न आणायला.

"बस काली."

उच्चार अस्सल टेक्सासचा. तो काकूंच्या जागेवर येऊन बसत होता, कामावरच्याच शर्टात. "काकूंचा फोन आला होता," तो म्हणाला. "तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय."

लोक मैदानाऐवजी आमच्याकडे बघत होते. मागे टोपीवाले बसले होते, मुलासकट. मी घाबरून जे सुचलं ते केलं: डबा मागे केला.

टोपीवाल्यांनी एक मूठ घेतली. मग डबा स्वतःच त्याच्यापुढे धरला. त्यानेही घेतला. दोघं चावत राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा काकूंचा नाही," तो म्हणाला.

"नाही," टोपीवाले म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "याने केलाय. यापेक्षा माझ्या मुलाची लाथ बरी लागली होती."