न फोडलेला दगड

डॉक्टर आक्काच्या पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं टकटक करत खाली सरकत होते. मधेच आक्का म्हणाली, "आवं डॉक्टर, हितं आवाज बदलला की." डॉक्टर थांबले. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, ते रिपोर्टच्या आधी तिलाच कळलं. माझ्याकडं वळून म्हणाली, "बाळ्या, ऐकलास?" मी नाही म्हणून मान हलवली. आक्का त्या दवाखान्यातून घरी आलीच नाही.

आक्का माझी थोरली बहीण. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर हे खूळ डोक्यात घेतलं. गडहिंग्लजच्या वाटेवर एक बंद पडलेली दगडखाण आहे. मालकाला विचारून थंडीतल्या रविवारी ती नवख्या लोकांना तिथं स्फटिक काढायला न्यायची. आमच्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असतात, त्यातल्या एखादीत पांढरे, हिरवट स्फटिक दाटलेले. पण जेवणापर्यंत घण उचलायचा नाही, हा तिचा नियम. तोवर नुसती हातोडी वाजवायची आणि ऐकायचं. भरीव दगड टणकन वाजतो, पोकळाचा आवाज बसका येतो. बाजारात कलिंगड वाजवून घेतो, तसंच. लोक वैतागायचे. एकदा एका साहेबांना दम निघाला नाही, त्यांनी घण घातला आणि आतल्या स्फटिकांचं पीठ केलं. आक्का गरजली, "पावणं, लई जोर हाय की तुमच्यात! न्या आता घरी, रांगोळीला हुईल!" सगळे हसले. ती मात्र त्या चुऱ्यापाशी बसून राहिली, त्या दिवशी जेवलीही नाही.

"माझ्यामागं ह्यास्नी कोण आणणार रं?" हा एकच घोर तिला होता. मी म्हणायचो, "मी हाय की." मग ती मला वाजवायला बसवायची. मला सगळे दगड सारखेच वाजायचे. तिच्या खिडकीत नारळाएवढा एक दगड होता, मुद्दाम न फोडलेला. वाजवून आत काय आहे ते जो सांगेल, त्यानं तो फोडायचा. तिला ठाऊक होतं, पण सांगायची नाही. येईल तो वाजवून बघायचा, नुसता अंदाज ठोकायचा, आणि ती म्हणायची, "न्हाय. पुन्यांदा वाजीव."

दिवसकार्य उरकल्यावर तिच्याबरोबर नेहमी येणाऱ्या जुन्यांतल्या चौघांना घेऊन मी खाणीत गेलो. दुपारपर्यंत हातोडी वाजवत हिंडलो. ते बिचारे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना. मोकळ्या हातानं परतलो. पुढच्या रविवारी कुणाचा फोन आला नाही. मला त्यांचा राग आला, मग आक्काचाच आला. आपल्याबरोबर सगळं घेऊन गेलीस की गं!

धाकट्या बहिणीचा पोरगा म्हणतो, "मामा, खिडकीतला दगड फोडूया की, कळंल तरी." फोडला तर आत काय आहे ते कळेल. तिला ते कसं ऐकू यायचं, ते थोडंच कळणार आहे? रोज सकाळी चहा झाला की मी खिडकीशी जातो, दगड वाजवतो. टक... टक... कालच्यासारखाच आवाज येतो. ती असती तर म्हणाली असती, पुन्यांदा वाजीव. म्हणून पुन्हा वाजवतो. काही कळत नाही.