अण्णांची अट आणि आमची निळी मोटार

आमच्या घरी नवी मोटार आली, त्याआधी पाच वर्षं मी ती चालवत होतो.

त्या काळी नवी गाडी हवी असली, तर सोलापूरला नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. मी नाव नोंदवलं आणि अगदी मन लावून बसलो! जळकोटच्या आमच्या घरी गोठ्याला लागून शेड बांधलं, त्यात खुर्च्या मांडल्या. दुपारची जेवणं उरकली की पुढं मी, शेजारी आमची ही, मागं आई. हैदराबादच्या सडकेवर ट्रकचा भोंगा वाजला की वाटायचं, आपलाच! डोळे मिटावेत, तर नळदुर्ग मागं पडलेलं असायचं आणि गार वारा लागायचा. (कडब्याचा वास यायचा, पण तो वाटेतल्या रानाचा समजायचा.)

"हळू घ्या हो, वळण आहे," ही म्हणायची, आणि मी खरंच हळू घ्यायचो.

माझे वडील अण्णा हे सगळं गोठ्यातून बघायचे.

"बापू, तेवढ्या पैशात चार बैलजोड्या येत्यात."

"बैल म्हातारे होतात, अण्णा."

"म्हातारा बैल श्याण तरी देतो. मोटार काय देनार?"

"वेळ वाचवते!"

"वाचल्याल्या येळात काय करनार? खुर्चीवर बसनार?"

अण्णा आयुष्यात कधी एसटीतसुद्धा बसले नव्हते. त्यांना शेजारी बसवून एकदा तरी सडकेवरून न्यावं, एवढ्यासाठीच खरं तर मी गाडी घेत होतो. पण अण्णांनी अट घातली.

"बैलाची मदत न घेता तुझ्या आईला तुळजापूरला ने आन् परत घरात आनून सोड. मग मी बसतो. न्हाय तर न्हाय."

शेवटी गाडी आली. फिकट निळी! सोलापूरहून आणणाऱ्या ड्रायव्हरनं मला चार दिवस माळावर चालवायला शिकवलं. तो मागं घ्यायला शिकवू लागला, तेव्हा मीच म्हणालो, "मागं कशाला? एवढा माळ पडलाय, वळवून आणू की." जन्मभर बैलगाडी हाकलेल्या माणसाला असंच वाटतं.

देवीचं दर्शन होईपर्यंत गाडी शेडात घ्यायची नाही, असं आईनं बजावलं होतं. म्हणून ती कडुलिंबाखालीच उभी होती. शुक्रवारी चाकांखाली लिंबं ठेवून आम्ही तिघं निघालो. गाडी काय पळाली म्हणता! खुर्च्यांवर पाहिलेलं सगळं तसंच खिडकीतून जात होतं, अगदी वारासुद्धा तोच. दिवस मावळायच्या आत आम्ही परत आलो, तर अण्णा अंगणात उभे. डोक्याला धुवट फेटा! बसायची तयारी करूनच उभे होते हो! माझा ऊर भरून आला. 'घरात आनून सोड' म्हणाले होते ना? मी भोंगा वाजवत गाडी थेट शेडात घातली.

"उतरा," मी ऐटीत म्हणालो आणि दार उघडलं. ठक! चार बोटं उघडलं आणि भिंतीला लागलं.

"माझंबी लागलं," ही म्हणाली.

शेडाचं माप मीच घेतलं होतं. तेव्हा गाडी नव्हती, म्हणून आमच्या बैलगाडीचं घेतलं, वर शौक म्हणून एक वीत जादा. बैलगाडीला दारं नसतात, माणसं मागून उतरतात, हे पाच वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. (खुर्च्यांनाही दारं नव्हती!)

मागं डुलकी लागलेल्या आईनं डोळे उघडले. "आलं का घर?"

"आलं. पण आपण पोचलो नाही."

"खिडकीतनं उतरा की," बाहेरून कुणीतरी सुचवलं.

"मांजर हाय का मी?" आई कडाडली.

मागं घ्यायला मी अंदाजानं गिअर टाकला. गाडी दोन हात पुढं जाऊन शेडाच्या टोकाला रचलेल्या कडब्यात घुसली. आता समोरच्या काचेतून काहीच दिसेना.

मागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू. "बापू, बैलं आनू?"

मी पुन्हा एकदा गिअर हलवून बघितला.

"आनू का?"

"आणा," मी म्हणालो, आणि पाच वर्षं कडब्यात गेली.

हरण्या-माणक्या या आमच्या बैलजोडीला गाडीच्या मागून जुंपलं. त्यांनी गाडी अलगद अंगणात ओढली. ही उतरली, आई उतरली. मी मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून तसाच बसलो. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बघतो तर अण्णा! फेटा सावरत, बैलांकडं तोंड करून सीटवर गुडघे टेकलेले, दोन्ही खिडक्यांतून कासरे आत घेतलेले.

"अण्णा, अट मोडली ना?"

"तुझी मोडली. माझी बैलं हायेत की म्होरं. चल!"

आणि आम्ही सडकेवर निघालो. ऊन कलतं होतं, वारा गार होता, अण्णा खुशीत होते. माझं स्वप्न जसंच्या तसं, फक्त उलटं चाललं होतं. येणारा-जाणारा हात जोडत होता, तो अण्णांना.

नवी गाडी पैसे वसूल करते का, असं मला अजून लोक विचारतात. मी काय सांगणार? त्या गाडीत मी आयुष्यात एकदाच नीट रिव्हर्स घेतला, आणि तेव्हा इंजिन बंद होतं!