अचलाचा सातबारा

आमच्या युसूफ वडगावात हवा अशी होती, की मनकर्णा ओव्हाळ मॅडमनी धर्मापुरीकडं दहा एकर बागाईत घेऊन दडवलंय आणि कॉलेजनं त्यांना धरलंय.

कसली बागाईत न् कसलं काय. मॅडमच्या कुंडीतली कोरफडसुद्धा वाळून गेलीय. तालुक्याच्या कॉलेजात त्या तीस वर्षं गणित शिकवतात. प्राध्यापकपदाचा फॉर्म मराठीत भरायचा होता, म्हणून संशोधनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अचलांचा सिद्धान्त'. कार्यालयातल्या राधाकिशनबापूंनी त्यावर लाल शेरा मारला, 'अचल मालमत्तेचा सातबारा जोडावा.'

मॅडमनी फाईल टेबलावर आपटली.

"राधाकिशन, हे गणित आहे. समीकरणात क्षच्या जागी क्ष अधिक एक घाला, आकडे बदलतात, पण त्यांतून निघणारी एक संख्या, विवेचक, बदलत नाही. जे बदलत नाही ते अचल. बावीस वर्षं घातलीत मी ह्यात. ह्याचा सातबारा कोणता तलाठी देणार?"

"मॅडम, तुमी लई शिकलेल्या. पण अचल म्हंजी जमीन, घर, हीर. आमच्या यादीत चौथं काई न्हाई. 'बीजगणित' लिहा की, आत्ताच पुढं धाडतो. कावून ताणता? आज शेवटची तारीख हाय."

निवृत्तीला सात महिने होते. आज फाईल गेली नाही, तर प्राध्यापक हा शब्द नावामागं कधीच लागणार नव्हता. मॅडमचे कान तापले. पीएच.डी.ला मार्गदर्शक म्हणाले होते, "तुम्हाला झेपेल असं काहीतरी घ्या." मुलाखतीत एकानं विचारलं होतं, "असले विषय तुमच्यात कोण करतं?" दोन्ही वेळा त्या गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसण्याचा राग आता एकदम वर आला.

"शब्द माझा आहे. तो बदलणार नाही."

कपाटातून त्यांनी आपले नऊ छापील शोधनिबंध आणले, फाईलला टाचले आणि लाल शेऱ्याखाली लिहिलं, 'हीच माझी अचल मालमत्ता. सोबत नऊ कागदपत्रे.'

"द्या पोच."

बापूंनी थुंकी लावून कागद मोजले. नऊ भरले. 'मालमत्ता' शब्द होता, जोडपत्रं होती, रकाना रिकामा नव्हता. त्यांनी शिक्का मारला.

कार्यालयाच्या दारात, त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवणारा मीच मॅडमना म्हणालो होतो, "लावा पैज, दुपारपर्यंत तुम्ही 'बीजगणित' लिहिणार." हरलो. ठरल्याप्रमाणं महिनाभर त्यांच्या वर्गाचा फळा मी पुसतोय, आणि बाई तासाला तीनदा भरतात.